विश्लेषण : माळ्यावर खोली हवी म्हणून छपराची तुळई कापावी का?

इन्स्टाग्रामवर सध्या एका ठरावीक पद्धतीच्या रील्स भरपूर फिरताहेत. 'आधी' या भागात कोकणातल्या कौलारू घराचा अंधारा माळा दिसतो. जळमटे, सुकलेले नारळ, गंजलेली ट्रंक आणि कमरेएवढ्या उंचीवरून आरपार गेलेली एक जाडजूड काळपट तुळई. मग टाळीचा आवाज होतो आणि 'नंतर' येते. पांढऱ्या भिंती, जमिनीवर गादी, पिवळा दिवा, छोट्या खिडकीतून दिसणारी नारळाची झावळी. खाली प्रतिक्रियांचा पाऊस असतो. 'किती खर्च आला?', 'बुकिंग सुरू आहे का?', 'फरशी कुठली वापरली?' असे प्रश्न येतात. तुळई कुठे गेली, हे मात्र सहसा कुणी विचारत नाही.

या लेखाचा विषय तीच तुळई आहे. माळ्याची राहण्याजोगी खोली करण्याला माझा विरोध नाही. उलट जुने घर पाडून स्लॅब ओतण्यापेक्षा हा मार्ग अनेकदा शहाणपणाचा असतो. वाटण्या होतात, जागा तेवढीच राहते, सुट्टीत सगळे भाऊ एकदम येतात, एखादी खोली पर्यटकांना देता येते. गरज खरी आहे. मात्र छपराचे लाकूड म्हणजे मधे येणारी अडगळ, असे समजून करवत चालवली जात असेल, तर आपण पाहुण्यांना आणि स्वतःच्या मुलांना नेमके कशाखाली झोपवतो आहोत, हे एकदा नीट समजून घ्यायला हवे.

छप्पर भिंतींना बाहेर का ढकलते?

रंगारी वापरतात ती दोन पायांची घोडा-शिडी आठवा. दोन्ही पायांच्या मधे एक दोरी किंवा साखळी असते. ती सोडली आणि गुळगुळीत फरशीवर शिडीवर चढलो, तर पाय दोन्ही बाजूंना सटकतात. शिडी मोडलेली नसते, तरी माणूस खाली येतो.

उतरत्या छपराचे असेच असते. दोन बाजूंचे तिरके वासे वर आढ्यापाशी एकमेकांना टेकलेले असतात आणि खाली भिंतीच्या माथ्यावर बसलेले असतात. वरून कौलांचे वजन येते. ते वजन वाशांना फक्त खाली दाबत नाही, वाशांचे पाय बाहेरही ढकलते. भिंतीच्या माथ्याला बाहेर पडू न देणारी वस्तू म्हणजे दोन भिंतींच्या मधे जाणारी आडवी तुळई. म्हणजे शिडीची दोरी. वासे, तुळई, मधला उभा खुंट आणि तिरके टेकू मिळून जी त्रिकोणी चौकट होते, तिलाच आपल्याकडचे सुतार कैची म्हणतात.

गोंधळ इथेच होतो. तुळई म्हणजे वजन पेलणारे लाकूड, असे आपल्या डोक्यात पक्के बसलेले असते. मग माळ्यावर उभे राहून पाहिले की प्रश्न पडतो, 'हिच्यावर तर काहीच ठेवलेलं नाही, मग ही हवी कशाला?' कैचीतली तुळई वजन पेलण्यासाठी नसते, ती ओढून धरण्यासाठी असते. ताण डोळ्यांना दिसत नाही. म्हणूनच ती सगळ्यात आधी कापली जाते.

जोर किती असतो?

अंदाजासाठी एक साधे घर घेऊ. रुंदी ६ मीटर, म्हणजे साधारण २० फूट. छपराचा उतार ३० अंश. दर २ मीटरवर एक जोडी. एक मंगलोरी कौल सुमारे अडीच ते तीन किलोचे असते आणि एका चौरस मीटरला अशी साधारण १५ कौले लागतात. त्यात वासे आणि रिपा धरल्या तर छपराचे वजन चौरस मीटरला ६० किलोच्या घरात जाते. उतारामुळे तेच जमिनीच्या मापात सुमारे ७० किलो होते. या हिशेबाने एका जोडीवर ८४० किलो वजन येते.

३० अंशांच्या उतारावर या वजनाच्या साधारण ४३ टक्के जोर आडवा, बाहेरच्या दिशेने लागतो. म्हणजे सुमारे ३६० किलो. हा जोर वादळात किंवा कौले शाकारायला माणूस वर चढल्यावर लागणारा नाही. तो रात्रंदिवस, घर बांधल्या दिवसापासून लागतो आहे. भारतीय मानकांप्रमाणे अशा छपरावर देखभालीसाठी म्हणून चौरस मीटरला किमान ४० किलोचा जादा भार धरायचा असतो. तो मिळवला तर आकडा ५७० किलोवर जातो. छप्पर जितके चपटे, तितका हा जोर जास्त. २० अंशांच्या उताराला तो वजनाच्या ६९ टक्क्यांपर्यंत पोहोचतो.

आता हा जोर भिंतीच्या माथ्यावर आला असे समजा. जांभ्याची भिंत वरून कितीही दाबा, सहज सोसते. बाजूने ढकललेले मात्र तिला सोसत नाही. त्यातून जोडकाम मातीचे किंवा जुन्या चुन्याचे असेल, तर वरचे दोन-तीन थर दर पावसाळ्यात केसभर सरकत राहतात.

यावर एक युक्तिवाद नेहमी ऐकू येतो. 'आम्ही खाली माळ्याची नवी जमीन टाकली आहे ना, तीच आता भिंतींना धरून ठेवील.' नवी जमीन ८ फुटांवर असते आणि भिंतीचा माथा ११ फुटांवर. जोर लागतो माथ्यावर, पकड असते तीन फूट खाली. मधली तीन फूट भिंत एखाद्या कठड्यासारखी मोकळी उभी असते आणि तिला वरच्या टोकाला कुणीतरी सतत रेटत असते. माझ्या मते जमिनीचा हा भरवसा सगळ्यात फसवा आहे. घराने काहीतरी आधार दिल्यासारखे वाटते आणि भिंतीला तडा पडतो तो नेमका त्या जमिनीच्या वरच्या रेषेत.

तुळई थोडी वर सरकवली तर?

सुतार समजूतदार असेल तर तो हाच मार्ग सुचवतो. तुळई काढायची नाही, फक्त डोक्याला लागणार नाही इतकी वर न्यायची. ऐकायला बिनधोक वाटते. पुन्हा शिडीची दोरी आठवा. दोरी पायांपाशी बांधली तर कमी ताणात काम होते. तीच वर कमरेपाशी बांधली तर तिच्यावरचा ताण वाढतो, आणि दोरीच्या खालचे पाय वाकायला लागतात.

गणित सोपे आहे. तुळई भिंतीच्या माथ्यापासून आढ्यापर्यंतच्या उंचीच्या एक तृतीयांशावर नेली, तर तिच्यातला ताण दीडपट होतो. निम्म्या उंचीवर नेली तर दुप्पट. वरच्या उदाहरणातले ५७० किलो मग ११४० होतात. हा ताण चार खिळ्यांवर सोडून चालत नाही, त्याला जाड बोल्ट आणि पट्ट्या लागतात. शिवाय वाशांचे काम बदलते. आधी ते मुख्यतः दाबले जात होते, आता ते तुळईच्या सांध्यापाशी वाकतात. जुना वासा या वाकण्यासाठी निवडलेला नसतो. म्हणून तुळई वर नेणे शक्य असले तरी वासे जाड करणे, दुहेरी करणे आणि सांधे नव्याने करणे हा त्याच कामाचा भाग आहे. रीलमध्ये तो भाग येत नाही आणि बहुतेक कोटेशनमध्येही नसतो.

इथे थोडे अवांतर. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला, शाखा कुठलीही असो, मेकॅनिक्सच्या पेपरात कैचीवर प्रश्न हमखास येतो. त्यात काही दांड्यांमधले बल शून्य निघते आणि ते ओळखले की मार्क मिळतात. मात्र शून्य बल म्हणजे तो दांडा काढून टाका, असे नसते. पेपरात भार फक्त खाली असतो. खऱ्या छपरावर वारा एका बाजूने येतो, कौले एका पाख्याचीच उतरवली जातात, मधेच कुणी झोपाळ्याची कडी अडकवते. तेव्हा तोच 'निरुपयोगी' टेकू कामाला येतो. लांब लाकूड मधेच वाकू न देणे हेही त्याचे काम असते.

'कापली, पण काहीच झाले नाही'

हे वाक्य या विषयातले सगळ्यात घातक वाक्य आहे, कारण ते बऱ्याचदा खरे असते. तुळई कापल्या दिवशी छप्पर खाली येत नाही. खिळे, घर्षण, कौलांचे एकमेकांत अडकणे, आडव्या भिंती, अशा दहा गोष्टी मिळून ते तात्पुरते धरून ठेवतात. लाकडाचा स्वभावही असा की भार कायम राहिला तर ते महिनोन् महिने हळूहळू वाकत जाते. पावसात कौले भिजून जड होतात, लाकूड ओलावा धरते, वाकणे आणखी वाढते. पहिल्या पावसाळ्यात आढ्याची सरळ रेषा किंचित झुकते. दुसऱ्या वर्षी एका पाख्याची कौले सरकून गळती लागते. मालक म्हणतो, 'कौलं जुनी झाली.' नवी कौले येतात. तिसऱ्या वर्षी माजघराचा दरवाजा घासायला लागतो आणि रंधा मारून तो नीट केला जातो. प्रत्येक खुणेवर वेगळा इलाज होतो. सगळ्यांचे मूळ एकच आहे, हे सांगायला तिथे कुणी नसते.

त्यात फॉल्स सीलिंग. जिप्समच्या किंवा प्लायच्या पांढऱ्या आच्छादनामागे वासे, सांधे, वाळवीची माती, ओल, सगळेच झाकले जाते. माळ्याला आच्छादन करायचे असेल तर निदान सांध्यांपाशी उघडता येणारी फळी ठेवावी, इतकी साधी गोष्टही फारशी कुणी करत नाही.

प्रत्येक कौलारू घरात कैची असते का?

नाही, आणि हा फरक कळल्याशिवाय कुठल्याच लाकडाला हात लावू नये. १८६५ मध्ये बासेल मिशनने मंगळुरूत कौलांचा कारखाना काढला आणि पुढे ही चपटी कौले पश्चिम किनाऱ्यावर सर्वत्र पोहोचली. गवत किंवा नळीची कौले असणारी त्याआधीची घरे, आणि नंतरचीही बरीच घरे, वेगळ्या पद्धतीने उभी आहेत. त्यांत आढे मधल्या उंच मेढींवर टेकलेले असते. वासे आढ्यावरून खाली सोडलेले असतात. आढ्याला स्वतःचा आधार असल्यामुळे वाशांचा बाहेरचा जोर फारसा उरत नाही. अशा घरात आडवी तुळई कमी महत्त्वाची असू शकते, पण मधली मेढ म्हणजे घराचा कणा. माळ्याच्या खोलीच्या नेमकी मधोमध येते म्हणून तीच छाटली, तर आढे दोन आधारांमधे दुप्पट लांब पडते. एकसारखा भार असताना तुळईचा झोल लांबीच्या चौथ्या घाताने वाढतो. म्हणजे लांबी दुप्पट झाली की झोल सोळापट.

पिढ्यान् पिढ्या वाढवलेल्या घरांत तर दोन्ही पद्धती एकत्र दिसतात. माजघरावर मेढी, पुढे वाढवलेल्या ओटीवर कैची, पडवीवर नुसते टेकवलेले वासे. शेजारच्या घरात तुळई कापून दहा वर्षे झाली आणि काही झाले नाही, हा दाखला म्हणूनच निरुपयोगी आहे. शेजाऱ्याचे आढे कशावर टेकले आहे, ते तुम्ही पाहिलेले नसते.

एवढे करून जागा किती मिळते?

२० फूट रुंद घराच्या ३० अंशांच्या छपराची भिंतीच्या माथ्यापासून आढ्यापर्यंतची उंची १.७३ मीटर, म्हणजे सुमारे ५ फूट ८ इंच. जमीन तुळईच्या पातळीवर टाकली तर दीड मीटर उंची मिळणारा पट्टा जेमतेम ८० सेंटिमीटर रुंद. त्यात वाशांची जाडी वजा करायची. एवढ्यासाठी खुंट आणि टेकू कापणे म्हणजे तोट्याचा व्यवहार. म्हणून मग जमीन खाली, ८ फुटांवर घेतली जाते आणि तुळई कमरेला लागते. तिथून कापाकापी सुरू होते.

घर ३० फूट रुंद असेल तर चित्र बदलते. तिथे आढे भिंतीच्या माथ्यापासून २.६ मीटर वर जाते आणि दोन मीटर उंचीचा, नीट उभे राहता येईल असा पट्टा सुमारे २ मीटर रुंद मिळतो. दीड मीटर उंचीचा पट्टा पावणेचार मीटरचा. तुळई जागेवर ठेवूनही इथे खोली होऊ शकते. माझे स्पष्ट मत आहे की सुताराला बोलावण्याआधी कागदावर छपराचा त्रिकोण काढून ही मोजणी करावी. अर्ध्या लोकांचा बेत तिथेच बदलेल.

माळ्यावर माणसे झोपणार, तर वजनाचे काय?

जुन्या माळ्यावर भात, नारळ, सरपण, लग्नातली मोठी भांडी असत. वजन कमी नव्हते, पण ते भिंतींच्या कडेने रचलेले असे आणि हलत नसे. राहत्या खोलीसाठी मानकांप्रमाणे चौरस मीटरला २०० किलोचा भार धरावा लागतो. ६ मीटर लांबीच्या आणि २ मीटर अंतराने टाकलेल्या एकेका तुळईच्या वाट्याला हे २४०० किलो येतात. वर फळ्या किंवा सिमेंट बोर्डचे वजन वेगळे. हल्ली माळ्यावरच न्हाणीघर करायची टूम आहे. पाण्याची टाकी, टाइल्स आणि खालच्या लाकडाला कायमची ओल, अशी तिन्ही संकटे त्यात एकत्र येतात. ती करूच नये.

ज्या तुळया कैचीचा भाग आहेत त्यांच्यावर माळ्याची जमीन टाकणे ही आणखी एक सवय. ओढून धरण्याचे काम करणाऱ्या लाकडाला आपण वाकवायलाही लावतो. जमिनीचा आधार छपरापासून वेगळा हवा. भिंतीवर किंवा स्वतंत्र खांबांवर टेकलेल्या आणि खाली पायापर्यंत वजन नेणाऱ्या तुळयांवर ती उभी असावी. छप्पर उद्या पूर्ण उतरवले तरी माळा उभा राहील, अशी रचना असेल तर ती बरोबर.

नियम काय म्हणतात?

नॅशनल बिल्डिंग कोडमध्ये उतरत्या छपराखालच्या अशा जागेला 'लॉफ्ट' म्हटले आहे. तिची उंची जास्तीत जास्त दीड मीटर आणि वापर साठवणीपुरता. माणसे राहणार असतील तर ती खोली ठरते आणि उतरत्या छपराखाली सरासरी उंची २.७५ मीटर असावी लागते. म्हणजे रील्समधल्या बऱ्याच 'कोझी लॉफ्ट स्टे' कोडच्या भाषेत सामान ठेवायच्या जागा आहेत. लाकडी बांधकामाच्या आराखड्यासाठीही आयएस ८८३ हे स्वतंत्र मानक आहे. ते उघडून बघणारा माणूस या कामांत कुठे असतो का, हा प्रश्न आहे.

शहरात गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार १५ ते ३० वर्षे वयाच्या इमारतीचे पाच वर्षांतून एकदा आणि ३० वर्षांवरच्या इमारतीचे तीन वर्षांतून एकदा स्ट्रक्चरल ऑडिट करायचे असते. ८० वर्षांच्या कौलारू घराला सोसायटी नसते. तिथे तुळई राहावी की जावी, याचा निर्णय मालक आणि सुतार अंगणात चहा पिताना घेतात. 'काका, ही मधे येतेय, काढून टाकूया का?' काका जुन्या पिढीतले असतील तर नाही म्हणतात. मग दुसरे कुणीतरी येते. सुतारांना दोष देण्यात अर्थ नाही. रोजावर काम करणाऱ्या माणसाने मालकाला किती वेळा नाही म्हणायचे?

ब्रिटनमध्ये राहणाऱ्या मराठी कुटुंबांना 'लॉफ्ट कन्व्हर्जन' हा शब्द पाठ असतो, कारण तिथे घराला खोली जोडायचा तो सर्रास मार्ग आहे. १९६० च्या दशकापासून तिथल्या घरांत कारखान्यात तयार होणाऱ्या बारीक लाकडांच्या कैच्या वापरात आल्या. त्यातला एक टेकू जरी काढायचा तरी आधी पोलादी तुळया घालून छप्पर त्यांच्यावर घ्यावे लागते. नियोजनाची परवानगी काही वेळा लागत नाही, पण बिल्डिंग रेग्युलेशन्सची मंजुरी लागतेच. निरीक्षक काम चालू असताना येऊन पाहतो, शेवटी प्रमाणपत्र मिळते, आणि घर विकताना घेणाऱ्याचा वकील ते मागतो. या शेवटच्या कागदामुळे लोक गणित करून घेतात, भीतीमुळे नव्हे.

आपल्याकडे तसा दबाव निर्माण करता येईल अशी एक जागा आहे, ती म्हणजे पर्यटन. न्याहारी व निवास योजनेखाली असो किंवा खासगी अॅपवर, माळ्यावर पैसे घेऊन पाहुणे ठेवायचे असतील तर स्ट्रक्चरल इंजिनिअरच्या सहीचा एक कागद अनिवार्य हवा, असे माझे मत आहे. स्वतःच्या घरात कुणी कुठे झोपावे, हे सरकारने सांगू नये. पण पाहुण्याने छपराखालची कैची पाहिलेली नसते. यावर 'छोट्या माणसाच्या धंद्यात आणखी एक दाखला' अशी तक्रार येईल, आणि तालुक्याच्या ठिकाणी दाखले कसे मिळतात हे पाहता ती चुकीची नाही. म्हणून दाखला दरवर्षीचा नको. छपरात बदल केला असेल तेव्हा एकदाच हवा.

वाऱ्याचे वेगळे गणित

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले, पुढच्या मे महिन्यात तौक्ते किनाऱ्याजवळून गेले. श्रीवर्धन, दापोली, मंडणगड भागात हजारो घरांची छपरे गेली. वारा छपराला फक्त दाबत नाही, उचलतोही. कौलांचे वजन हे त्या उचलण्याविरुद्धचे आपले मोठे भांडवल असते. तुळई कापल्यावर 'छप्पर हलके करू' म्हणून कौले काढून पत्रा टाकला जातो. बाहेरचा जोर त्याने खरोखर कमी होतो, पण उचलण्याविरुद्धचे वजनही जाते. दोन कैच्यांमधले तिरपे दांडेही येण्याजाण्याला अडतात म्हणून काढले जातात. एकेक कैची मग पत्त्यासारखी सुटी उभी राहते. पत्रा टाकायचाच असेल तर वासे भिंतीला लोखंडी पट्टी आणि बोल्टने बांधणे, आणि ते तिरपे दांडे राखणे, याला पर्याय नाही.

मग खोली करायची कशी?

सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे तुळई तशीच ठेवून खोली तिच्याभोवती बसवणे. दोन कैच्यांमधे दोन मीटर जागा असते, त्यात गादी आरामात बसते. कमरेची तुळई पॉलिश करून कठडा होते, तिला लागून टेबल होते. एका घरात तिच्यावर पुस्तके मांडलेली पाहिली. छान दिसत होती, आणि डोके आपटू नये म्हणून बांधलेला लाल कपडाही.

ती खरोखरच काढायची असेल तर जुन्या मेढीच्या घराची युक्ती पोलादात करता येते. आढ्याखाली लोखंडी तुळई घालायची आणि तिची दोन्ही टोके भक्कम आडव्या भिंतींवर किंवा पायापासून उचललेल्या खांबांवर टेकवायची. वासे तिच्यावर नीट बांधले की बाहेरचा जोर जवळजवळ संपतो. तुळईचे माप, टोकाखाली जांभा चिरडू नये म्हणून घालायचा काँक्रीटचा ठोकळा, पाया हे ज्याच्या त्याच्या घरानुसार ठरते. त्यासाठीच इंजिनिअर लागतो. जिथे नुसता ताण धरायचा आहे आणि जाड लाकूड नको, तिथे त्याच पातळीवर पोलादी सळई घालता येते. ती डोक्याला लागतेच, पण कमी जागा खाते.

कामाचा क्रम चुकवू नये. आधी त्या भागातली कौले उतरवायची. दोन्ही पाख्यांना खालून टेकू द्यायचे, तेही माळ्याच्या फळ्यांवर नव्हे, थेट जमिनीवर. नवे लाकूड किंवा पोलाद बसवून घट्ट करायचे. मगच जुने कापायचे. एका वेळी एकच कैची. पावसाळ्याच्या तोंडावर सुरुवात करू नये. आणि कापण्याआधी भिंतीत गेलेली टोके तपासावीत. साग, फणस, ऐन किंवा किंजळ मधोमध ठणठणीत असतो आणि भिंतीतल्या ओलीने टोकाला कुजलेला असतो. हातोडीने ठोकल्यावर पोकळ आवाज आला किंवा स्क्रू-ड्रायव्हर सहज आत गेला, तर प्रश्न खोलीचा नाही, छपराचा आहे.

तुळई आधीच कापली असेल तर?

घाबरून घर सोडायची गरज सहसा नसते, पण काही गोष्टी या आठवड्यात करता येतील. लांब उभे राहून आढ्याची रेषा पाहा, मोबाइलने फोटो काढून त्यावर सरळ रेघ ओढा. भिंतीच्या माथ्यापासून बाहेरच्या बाजूला ओळंबा सोडा आणि वर-खाली किती अंतर राहते ते लिहून ठेवा. भिंतीच्या वरच्या तीन-चार फुटांत आडवा तडा आहे का, वाशाचा पाय भिंतीच्या माथ्यावरून सरकल्याची ताजी खूण आहे का, ते पाहा. तड्यावर पेन्सिलने तारीख घालून दोन्ही टोकांना खूण करा. महिन्याने तडा त्या खुणेपलीकडे गेला असेल, किंवा ओळंब्याचे अंतर बदलले असेल, तर माळ्यावर झोपणे त्या रात्रीपासून बंद करा. पाहुण्यांची बुकिंग असतील तर ती रद्द करा. कापलेल्या जागी दोन भिंतींच्या मधे पोलादी सळई घालून नटाने घट्ट करणे हा बहुतेक ठिकाणी चालणारा पहिला उपाय आहे. मात्र वाकलेली भिंत ओढून सरळ करायचा प्रयत्न त्या सळईने करू नये. ती आहे तिथेच धरून ठेवायची आणि पुढचे काम इंजिनिअरला घर दाखवून करायचे. कापलेली तुळई अजून अंगणात पडली असेल तर ती विकू नका किंवा जळणात घालू नका. तिची जाडी, लाकडाची जात आणि टोकाचे सांधे पाहून मूळ छप्पर कसे बांधले होते हे त्याला सांगता येते.